तिसऱ्या दिव्याची मोहीम

राजश्री वाचकमंडळी, अखंडित चष्माधारी, पुस्तक वेळेवर परत करणारे आणि न करणारे, उभयतांचे सेवेसी, धाकट्या शाखेतील वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळील तिसऱ्या खुर्चीचा कायम मानकरी विनंती करितो ऐसी जे, आमच्या शाखेस थोरल्या ग्रंथालयाच्या संगणकी जाळ्यात घेण्याची जी मोहीम जाहली, तीस साडेतीन महिने लागले, तीमध्ये दोन रस्ते उखडले, एक फुटपाथ नाहीसा जाहला, कार्यवाहसाहेबांस पित्त जाहले, आणि इतके होऊन लोक आता जिन्यात उभे राहून म्हणतात की एक तार तर जोडायची होती, त्यात काय एवढे! हे ऐकोन आमचे मस्तक फिरले. म्हणोन जे पाहिले ते पाहिल्यासारखे, जे ऐकिले ते ऐकिल्यासारखे, आणि जे पाहिले-ऐकिले नाही ते त्याहून खात्रीने लिहिले आहे. कोणास खोडून काढावयाचे असेल त्याने आधी त्या खुर्चीवर बारा वर्षे बसून दाखवावे. तिचा एक पाय आखूड आहे.

तर मूळ वर्तमान ऐसे जे, रेल्वे फाटकाच्या अलीकडे थोरले ग्रंथालय, दुमजली, दगडी, आत बोलल्यास आपलाच आवाज आपल्यास दटावतो ऐसे. आणि फाटकाच्या पलीकडे, तीन मैलांवर, शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, अठरा पायऱ्या चढून गेले असता धाकटी शाखा, दोन खोल्या, एक पंखा, नऊ हजार पुस्तके. थोरल्यावर अंमल वन्संसाहेबांचा. शाखेवर अंमल वहिनीसाहेबांचा. वन्संसाहेबांचे सख्खे वडीलबंधू ते वहिनीसाहेबांचे यजमान; येणेप्रमाणे हुद्द्याने वन्संसाहेब थोरल्या, नात्याने वहिनीसाहेब थोरल्या, आणि दोघींमध्ये बंधुराज, पेशा घड्याळदुरुस्ती, ज्यांच्या दुकानात चाळीस घड्याळे चाळीस वेळा दाखवीत, आणि खरे किती वाजले ऐसे पुसले असता ते आधी तुम्हास किती वाजलेले हवेत हे पुसून घेत.

या दोन्ही बायका पूर्वी एकमेकींच्या जीव की प्राण होत्या. परंतु अकरा वर्षांमागे वन्संसाहेबांस मुख्य ग्रंथपालपदाची सनद मिळाली, आणि ही बातमी वहिनीसाहेबांस कळली ती शिवणयंत्रवाल्याकडून. तेव्हां वहिनीसाहेबांनी मनाशी धरिले की बातमी तिची, कळवायचे तिने, तिचा फोन येईल तेव्हां अभिनंदन करू. आणि वन्संसाहेबांनी मनाशी धरिले की सारा गाव अभिनंदन करून गेला, वहिनीचा फोन येईल तेव्हां सगळे सविस्तर सांगू. आणि मग दोघी फोनजवळ बसल्या. पहिले दिवशी बसल्या, दुसरे दिवशी बसल्या, आठवडा जाहला, आणि मग बसणे सुटले परंतु रुसणे राहिले. त्यास अकरा वर्षे जाहली. भांडण म्हणावे तर एक शब्द उच्चारला गेला नाही, आणि जे भांडण जाहलेच नाही ते मिटवावे कैसे, हे कोणासही उमजेना.

त्या काळापासोन दोन्ही ठाण्यांमधील सारा व्यवहार चिठ्ठ्यांनी चाले. चिठ्ठ्या पोहोचविण्याचे काम शिपाई सायकलराव यांजकडे. हे वयोवृद्ध, मितभाषी, फाटक पडलेले असता सायकल झाडास टेकवून बिडी न ओढता नुसता विचार करणारे गृहस्थ. चिठ्ठ्यांचा मासला ऐसा: शाखेहून लिहून जाई, ‘मुख्य ग्रंथपाल यांस, टेबलाचा पाय मोडला, कळावे’, आणि तीन मैल सायकल हाणून उत्तर येई, ‘शाखा यांस, कळले.’ टेबल तीन पायांवर उभे ते उभे.

ऐसे चालले असता थोरल्या ग्रंथालयात चार संगणक आले आणि ते आपसांत तारेने जोडिले गेले, ऐसे की एकाने पुसावे आणि दुसऱ्याने सांगावे, अमुक पुस्तक कोणत्या कपाटात आहे अथवा कोणी नेले आहे. शाखेसही एक संगणक मिळाला, परंतु तो एकटा, बापडा, बोलणार कोणाशी? आमच्या शाखेच्या वाचकास थोरल्याचे पुस्तक हवे असल्यास चिठ्ठी जाई, चिठ्ठी येई, तिसरे दिवशी कळे की पुस्तक नाही. तेव्हां कार्यवाहसाहेबांनी सभा बोलाविली. कार्यवाहसाहेब म्हणजे कारभारी मंडळाचे मुख्य, भाषणाची मोठी हौस, आणि वाचनाची तितकीशी नाही. त्यांनी फर्मान काढिले ऐसे जे: शाखेचा संगणक येत्या वार्षिक सभेपूर्वी थोरल्या जाळ्यात जोडला जावा आणि सभासदांसमक्ष चालवून दाखवावा, न जोडला गेल्यास शाखा मोडावी, पुस्तके थोरल्यात आणावीत, आणि शाखेच्या बाईंस थोरल्यात मुख्य ग्रंथपालांच्या हाताखाली, त्यांच्याच दालनात, त्यांच्या टेबलासमोर टेबल देऊन बसवावे.

हे अखेरचे कलम वाचले गेले तेव्हां दोन्ही ठाण्यांत एकाच वेळी घाम फुटला. अकरा वर्षे न बोलता तीन मैलांवरून राहणे निराळे आणि चार फुटांवरून राहणे निराळे! परंतु वहिनीसाहेबांचे दुःख त्याहून खोल होते. एकोणीस वर्षे त्या शाखेत त्यांनी प्रत्येक पुस्तक हाताने पुसले, प्रत्येकाचे कार्ड आपल्या अक्षराने लिहिले, आणि कोणता वाचक काय वाचून रडतो हे त्यांस तोंडपाठ. शाखा मोडणे म्हणजे त्यांचा संसार मोडणे होते. त्या दिवशी त्यांनी आम्हांस विचारले, ‘काका, तुम्ही फाटकापलीकडे वाचायला जाल का हो?’ आम्ही म्हणालो, गुडघे नेणार नाहीत. त्यावर त्या पंखा बंद करून परत चालू करत्या जाहल्या.

मग मोहीम सुरू जाहली. टेलिफोनच्या खात्याने त्याच सुमारास नवी हिकमत काढिली होती की तार तीच तांब्याची, परंतु तीमधून आवाज जैसाच्या तैसा न धाडता त्याचे आकडे करोन धाडावेत. आणि त्या एका तारेत दोन वाटा, एकीतून संगणकांनी संगणकांशी बोलावे, दुसरीतून माणसांनी माणसांशी. दोहों टोकांस एकेक पेटी बसवावी. एका पेटीने दुसरीचा नंबर फिरवून हाक मारावी, दुसरीने ओ द्यावी, की जाहले, तीन मैलांवरचा संगणक त्याच खोलीत ठेविल्यासारखा. पेटीवर तीन दिवे: पहिला वीज आली म्हणोन, दुसरा तार आली म्हणोन, आणि तिसरा समोरचा आला म्हणोन.

या कामी एक संगणकवाले नेमले गेले, तरुण, उत्साही, खांद्यास बॅग, ज्यांस लोक होऊनजाईलराव म्हणत, कारण त्यांस काहीही पुसले तरी ते ‘होऊन जाईल’ ऐसेच म्हणत. त्यांचा शिरस्ता ऐसा की आपल्या डोक्याने एक टिंबही बदलावयाचे नाही, जे काय ते छापील फॉर्मवर, ठाण्याच्या मुख्याच्या सहीने. त्यांनी दोन फॉर्म काढिले, एक थोरल्यास दिला, एक शाखेस दिला. त्या फॉर्मातील सातवा प्रश्न: ‘हाक कोणी मारावयाची? या टोकाने / त्या टोकाने. नको ते खोडावे.’

वन्संसाहेबांनी चष्मा लाविला, प्रश्न दोनदा वाचिला, आणि ‘या टोकाने’ हे शब्द ऐसे खोडिले की कागद मागून फुगला. तीन मैलांवर वहिनीसाहेबांनीही तेच शब्द खोडिले, आणि वर रेघ ओढिली, आणि त्या रेघेवर आणिक एक. दोघींच्या सह्या जाहल्या. होऊनजाईलरावांनी सोमवारी थोरल्याची पेटी बसविली, फॉर्म पाहून तिची, हाक की ओ हे ठरविणारी, खिट्टी ‘ओ’ वर फिरविली, वर कागदाची पट्टी चिकटवून लिहिले ‘सहीशिवाय हात लावू नये’; आणि मंगळवारी शाखेत येऊन तैसेच केले. दोन फॉर्म शेजारी ठेवून पाहावेत हे त्यांच्या कामात बसत नव्हते. सोमवारचे काम सोमवारी, मंगळवारचे मंगळवारी.

आणि मग दोन पेट्या दोन टोकांस कान देऊन बसल्या. पहिला दिवा लागला, दुसरा लागला, तिसरा लागेना.

येथोन पुढचे छत्तीस दिवस म्हणजे बाका प्रसंग. टेलिफोनखात्याचे तारवाले फौजेनिशी आले, कुदळी, फावडी, शिड्या, एक मुकादम आणि त्याची खुर्ची, आणि त्यांनी फाटकाजवळ खंदक खणिला, तार तपासली, चांगली निघाली, खंदक बुजविला, आणि मग संशय नको म्हणोन दुसरा खणिला. मुकादमांनी लेखी कळविले की लाइन क्लिअर आहे, दोष तुमच्या पेटीत. होऊनजाईलरावांनी लेखी कळविले की पेटी ओके आहे, दोष तुमच्या लाइनीत. हे दोन्ही कागद कार्यवाहसाहेबांनी वाचिले आणि दोन्हींवर ‘योग्य’ ऐसा शेरा मारिला. मग मसलती जाहल्या. कोणी म्हणे पेटीचे तोंड फाटकाकडे करावे. कोणी म्हणे उंदीर. कोषाध्यक्षांनी पेटीस दोन थपडा द्याव्यात ऐसे सुचविले, कारण त्यांच्या घरचा रेडिओ त्याने चाले. थपडा दिल्या, पहिला दिवाही विझला, तो परत लावण्यात अर्धा दिवस गेला. एकूण काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि गावाचाही रस्ता उखडलेला!

सभेस नऊ दिवस उरले असता सायकलराव दोन्ही फॉर्म दप्तरी जमा करण्यास निघाले. फाटक पडले होते. मालगाडी मोठी होती. ऊन होते. सायकलराव कोणाचीही चिठ्ठी वाचीत नसत, अकरा वर्षांत एकही वाचली नव्हती. परंतु फॉर्म ही चिठ्ठी नव्हे, आणि वारा घेण्यास हातात काहीतरी हवे, म्हणोन त्यांनी एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरा घेऊन वारा घेतला, आणि वारा घेता घेता सातव्या प्रश्नाशी त्यांचा हात थांबला. मालगाडी गेली, फाटक उघडले, मागचे लोक घंटा वाजवू लागले, तरी सायकलराव हलेनात. मग ते उलट फिरले आणि थेट होऊनजाईलरावांच्या पुढ्यात फॉर्म ठेवून बोलिले. आठवड्यातले त्यांचे हे पहिलेच वाक्य: ‘साहेब, दोघी वाट बघतायत.’

होऊनजाईलरावांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘अहो, एकानं तरी फोन करायला पाहिजे ना!’ ऐसे ते म्हणाले, आणि हे वाक्य सायंकाळपावेतो साऱ्या गावास कळले, आणि अकरा वर्षांत जे कोणी बोलू धजले नव्हते ते एका परक्या माणसाने पेटीविषयी बोलून टाकिले.

आता कोणाही शहाण्यास वाटेल की एक खिट्टी फिरवावी आणि मोकळे व्हावे. परंतु सही! होऊनजाईलराव सहीवाचून हात लावीनात. कार्यवाहसाहेबांपाशी गेले, तर त्यांनी दोन्ही बायकांचे चेहरे नजरेसमोर आणिले, पित्ताची गोळी घेतली, आणि हुकूम काढिला ऐसा जे ‘उभय टोकांपैकी कोणत्याही एका टोकाने हाक मारावी’, आणि कोणत्या हे लिहिण्याचे तेवढे शिताफीने गाळिले. थोरल्याहून उत्तर आले की मुख्य ठाण्याने शाखेस हाक मारणे हुद्द्यास शोभत नाही. शाखेहून उत्तर आले की हुद्द्याच्या मानाने नव्हे तरी थोरल्या भावजयीच्या मानाने आधी कोणी बोलावे हे ज्याचे त्यास कळावे. मग बंधुराजांस मध्यस्थीस बोलाविले. ते भिंग डोळ्यास तसेच लावून आले, दोन्ही फॉर्म भिंगातून पाहिले, आणि म्हणाले, ‘मला रविवारी तिच्याकडे जेवायचंय आणि सोमवारी घरी. मी काही बोलत नाही.’ त्यांचे म्हणणे कोणास खोडता येईना.

शिवाय वन्संसाहेबांनी एक ज्ञापन काढिले की फॉर्म उघडे फिरतात आणि फाटकावर वाचले जातात ही गोष्ट अशोभनीय, सबब यापुढे कागद बंद पाकिटातूनच धाडावेत. सायकलरावांनी हे ज्ञापनही मुकाट्याने पोहोचते केले. त्यांस वाईट वाटले, ते दिसले.

सभेस तीन दिवस उरले असता शाखेत गोण्या आल्या. साठ गोण्या, पुस्तके भरण्यास, कार्यवाहसाहेबांनी आगाऊ धाडिलेल्या. सायकलरावांनी त्या अठरा पायऱ्या चढवून आणिल्या आणि कोणाकडे न पाहता निघून गेले. वहिनीसाहेबांनी एक गोणी उचलून झटकली, घडी घातली, परत उलगडली. आम्ही पेपर तोंडापुढे धरिला, तो उलटा धरिला होता हे मागाहून कळले. मग त्या टेबलाशी बसल्या आणि स्वतःशीच, परंतु आम्हांस ऐकू येईल ऐसे म्हणाल्या, ‘जाऊ दे. मान घेऊन काय जाळायचाय?’ आणि कोरा फॉर्म घेऊन सातव्या प्रश्नात ‘त्या टोकाने’ खोडिले, सही केली, पाकिटात घातले, पाकीट चिकटविले. डोळे कोरडे होते. नाक मात्र लाल जाहले होते.

त्याच दिवशी, त्याच सुमारास, थोरल्यात वन्संसाहेब जोडणीसाठी शाखेहून मागविलेली पुस्तकांची कार्डे संगणकात चढवीत बसल्या होत्या. काम कारकुनांचे, परंतु त्यांनी ते स्वतःकडे घेतले होते, का म्हणोन कोणी विचारिले नाही. कार्डावर नाव, लेखक, विषय. आणि खाली, जेथे छापील रकाना नाही तेथे, वहिनीसाहेबांच्या बारीक अक्षरात काहीबाही. एकावर लिहिलेले: ‘पहिली तीस पाने कंटाळवाणी, दम धरावा.’ एकावर: ‘दवाखान्यात नेऊ नये, हसून टाके तुटतात.’ एकावर: ‘शेवटचे पान फाटले आहे. शेवट मला विचारावा.’ वन्संसाहेब हसल्या, मोठ्याने, दगडी दालनात, आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या. मग पुढचे कार्ड घेतले. त्यावर तारीख अकरा वर्षांमागची, आणि शेरा: ‘हे वन्संना आवडेल. बोलणे झाले की द्यावे.’ ते पुस्तक कोणी नेल्याची नोंद नव्हती. एकदाही नाही. वन्संसाहेबांनी ते कार्ड संगणकात चढविले नाही, पर्समध्ये ठेविले, आणि कोरा फॉर्म मागविला.

येणेप्रमाणे दोन बंद पाकिटे सायकलरावांच्या एकाच पिशवीत आली. उघडी असती तर गोष्ट तेथेच मिटती! होऊनजाईलरावांनी शुक्रवारी सायंकाळी शाखेचे पाकीट शाखेत फोडिले, फॉर्म पाहून शाखेची खिट्टी ‘हाक’ वर केली, नवी पट्टी चिकटविली. आणि शनिवारी सकाळी थोरल्याचे पाकीट थोरल्यात फोडून थोरल्याची खिट्टीही ‘हाक’ वर केली. तपासून पाहिले का, म्हणाल तर, ‘सभेच्या वेळी चालू करू, होऊन जाईल.’ पहिले पाढे पंचावन्न, फक्त उलटे म्हटलेले.

शनिवारी चार वाजता थोरल्याच्या दालनात सभा भरली. चाळीस सभासद, टेबलावर संगणक, शेजारी पेटी, पेटीमागे होऊनजाईलराव, पुढे वन्संसाहेब, आणि कार्यवाहसाहेबांच्या खिशात शाखा मोडण्याचा ठराव टंकलिखित करून तयार, केवळ सही राहिलेली. शाखेत आम्ही अकरा वाचक, सायकलराव, आणि पेटीसमोर वहिनीसाहेब. साठ गोण्या कोपऱ्यात. दोन्हीकडे पेट्या चालू केल्या. पहिला दिवा लागला, दुसरा लागला, आणि तिसरा तांबडा होऊन उघडझाप करू लागला.

‘म्हणजे आपण हाक मारतोय, समोरून ओ येत नाहीये,’ होऊनजाईलराव म्हणाले. कार्यवाहसाहेबांनी खिशास हात घातला. तेव्हां वन्संसाहेबांनी, ज्यांनी उभ्या हयातीत नियम मोडला नव्हता, पेटीवरची पट्टी नखाने फाडिली आणि खिट्टी ‘ओ’ वर फिरविली, की तीच हाक मारीत असेल तर मारू दे. परंतु त्याच क्षणी तीन मैलांवर वहिनीसाहेबांनीही पट्टी फाडून तेच केले, त्याच विचाराने. दिवा विझला. दोन्ही पेट्या पुन्हा कान देऊन बसल्या. एक मिनिट गेले, दीड मिनिट गेले, दोघींनी पुन्हा ‘हाक’ वर फिरविले, पुन्हा तांबडे. पुन्हा ‘ओ’, पुन्हा अंधार. जिन्यात दोन माणसे समोरासमोर येतात आणि दोघेही एकाच बाजूस सरतात, तैसे चालले. कार्यवाहसाहेबांनी ठराव उलगडिला, घसा साफ केला, आणि ‘ज्याअर्थी’ येथपावेतो वाचिलेही.

आणि वन्संसाहेबांचा हात खिट्टीवरच थांबला. त्यांच्या मनात आले ऐसे जे, वहिनीची पेटी पहिल्या फॉर्मप्रमाणे ‘ओ’ वर असती, तर माझी पहिलीच हाक पोहोचती. पोहोचली नाही, याचा अर्थ तीही हाक मारीत होती. याचा अर्थ तिनेही सही केली. त्यांनी होऊनजाईलरावांकडे पाहिले मात्र, तो होऊनजाईलराव एकदम म्हणाले, ‘अरे हो, पाकिटं दोन होती!’

‘जरा थांबा,’ ऐसे वन्संसाहेब बोलिल्या. कार्यवाहसाहेब ‘ज्याअर्थी’वरच थांबले. वन्संसाहेबांनी टेबलावरचा टेलिफोन पुढे ओढिला आणि नंबर फिरविला. डायरी पाहिली नाही. अकरा वर्षे न फिरविलेला नंबर बोटांस पाठ होता.

त्या तारेस दोन वाटा होत्या हे आम्ही मागे लिहिले आहे. दुसरी, माणसांची वाट, सबंध मोहिमेत मोकळीच पडली होती. इतक्या मातबरांपैकी कोणास ती वापरण्याचे सुचले नव्हते. शाखेतील फोन वाजला. आम्ही अकरा जण फोनकडे पाहू लागलो. सायकलराव उभे राहिले, का ते त्यांसही ठाऊक नसावे. वहिनीसाहेबांनी रिसीव्हर उचलिला.

‘वहिनी?’

वहिनीसाहेबांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग वहिनीसाहेब म्हणाल्या, ‘बोला, वन्सं.’

‘तू आता काही करू नकोस. खिट्टी “ओ” वर ठेव आणि हात काढ. मी करते.’

‘अहो, मी मघापासून करतेय!’

‘कळलं गं मला. म्हणून तर फोन केला.’

वहिनीसाहेबांनी खिट्टी फिरविली आणि हात काढिला, आणि तो हात कोठे ठेवावा हे न कळून डोक्यावर ठेविला. तिकडे वन्संसाहेबांनी हाक मारिली. तिसरा दिवा हिरवा जाहला आणि हिरवाच राहिला. शाखेच्या पडद्यावर थोरल्याची सारी पुस्तके उतरू लागली, आम्ही अकरा जण ओरडलो, खाली शिवणयंत्रवाला काय पडले म्हणोन वर धावत आला, थोरल्यात चाळीस सभासदांनी टाळ्या पिटल्या. आणि दोघींपैकी एकीनेही दिव्याकडे पाहिले नाही, कारण फोन अजून चालू होता.

‘वहिनी, एक सांगायचं राहिलं होतं तुला,’ वन्संसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चाळीस माणसांदेखत फुटला. ‘मी मुख्य झाले.’

‘हो का!’ वहिनीसाहेब म्हणाल्या. ‘अभिनंदन हो, वन्सं. सविस्तर सांगा बघू आता.’

आणि मग वन्संसाहेबांनी सांगितले. सभा तिष्ठत बसली. पहिल्या वाटेने नऊ हजार पुस्तके गेली आणि आली, आणि दुसऱ्या वाटेने अकरा वर्षे. दोन्ही कामे पुरी होण्यास पाच वाजून वीस मिनिटे जाहली. ही वेळ बंधुराजांनी सांगितली, सबब तीत कमीजास्त असेल.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शाखा बहाल राहिली. ठराव ‘ज्याअर्थी’पुढे वाचिला गेला नाही, तो दप्तरी अर्धा लावून ठेविला आहे. तारवाल्यांनी विजयानिमित्त तिसरा खंदक खणिला. साठ गोण्यांपैकी एक घडी करोन आमच्या खुर्चीच्या आखूड पायाखाली दिली, ती आता डुगडुगत नाही, याचे श्रेय आम्ही कार्यवाहसाहेबांस देतो. सायकलराव चिठ्ठ्यांचे काम उरले नाही म्हणोन काही दिवस हवालदिल होते. परंतु पहिल्याच सोमवारी वहिनीसाहेबांनी त्यांस एक पुस्तक दिले, अकरा वर्षे कपाटात वाट पाहात राहिलेले, आणि ते पोहोचते करण्यास कोणतीही तार उपयोगाची नव्हती. वन्संसाहेबांस ते आवडले. शेवटचे पान फाटलेले नव्हते, तरी शेवट त्यांनी फोन करून विचारिला.

एक गोष्ट तेवढी लिहावयाची राहिली. होऊनजाईलरावांस दप्तरासाठी दोहोंच्या सहीचा एकच पक्का फॉर्म हवा होता. तो थोरल्याहून शाखेत आला, शाखेहून थोरल्यात गेला, पाकिटावाचून. सातव्या प्रश्नात ‘या टोकाने’ आणि ‘त्या टोकाने’ ही दोन्ही खोडिली आहेत, आणि वर दोन हस्ताक्षरांत मिळून लिहिले आहे, ‘जिला आधी आठवेल तिने.’ होऊनजाईलरावांनी हरकत घेतली की ऐशी सोय या पेटीत नाही. मग दोन्ही सह्या पाहिल्या, आणि फॉर्म लावून घेतला. येथे दौत झाकिली.